ॲनिलीनला स्वतःचा रंग नसतो

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत नुकताच ॲनिलीन या रसायनावर एक लेख प्रसिद्ध झाला. रोजच्या वापरातील वस्तूंमागे कोणती रसायने असतात हे वाचकांना सांगण्याचा लेखाचा हेतू चांगला होता, आणि विज्ञानाला पुरवणीत पानभर जागा मिळाली याचा माझ्यासारख्या जन्मभर रसायनशास्त्राची प्रात्यक्षिके घेतलेल्या माणसाला आनंदच झाला. परंतु लेखात ॲनिलीनला एके ठिकाणी ‘जांभळा विषारी रंग’ म्हटले आहे, दुसरीकडे गाद्यांमधील फोम आणि ‘ॲनिलीन लेदर’चे सोफे यांत ते ‘भरलेले’ असते असे लिहिले आहे, आणि शेवटी रंगकामगारांच्या कर्करोगाचा सगळा दोष त्याच्याच माथी मारला आहे. ही विधाने जशी छापली गेली तशी बरोबर नाहीत. ॲनिलीन निरुपद्रवी आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही. ते विषारीच आहे. पण कोणता पदार्थ कोणत्या रूपात आणि कोणत्या वाटेने अपाय करतो हे न सांगता नुसते नाव घेऊन भीती घातली, तर वाचक भलत्याच ठिकाणी भितो आणि जिथे जपायला हवे तिथे बेसावध राहतो. म्हणून हे थोडे लांबलेले पत्र.

रंगापासूनच सुरुवात करतो. शुद्ध ॲनिलीन हा रंगहीन, तेलकट द्रव आहे. तो १८४ अंश सेल्सिअसला उकळतो, उणे ६ अंशाला गोठतो, पाण्यापेक्षा किंचित जड असल्यामुळे थेंब पाण्यात सोडला तर तेलासारखा तळाशी जाऊन बसतो, आणि १०० मिलिलिटर पाण्यात जेमतेम साडेतीन ग्रॅम विरघळतो. वास कुजक्या मासळीची आठवण करून देणारा. प्रयोगशाळेतील कपाटात जी बाटली दिसते तिच्यातील द्रव मात्र तपकिरी, कधी जवळजवळ काळा असतो, कारण हवेतील ऑक्सिजन आणि उजेड यांमुळे त्याचे हळूहळू ऑक्सिडीकरण होत राहते. दरवर्षी विद्यार्थी मला खात्रीने सांगत की ॲनिलीन तपकिरी असते, आणि दरवर्षी मी तो काळा द्रव चिमूटभर जस्ताच्या भुकटीबरोबर ऊर्ध्वपातनाच्या चंबूत घालून तापवत असे. शीतकाच्या टोकाशी पाण्यासारखे नितळ थेंब जमू लागले की वर्गात कुजबुज सुरू होई. तोच द्रव काही दिवसांनी पिवळसर आणि पुढे तांबूस झालेला दाखवला, म्हणजे धडा पुरा. जांभळे ॲनिलीन मी कधी पाहिले नाही.

मग हा जांभळा रंग लेखात आला कोठून? त्याचे मूळ १८५६ सालात आहे. विल्यम हेन्री पर्किन हा अठरा वर्षांचा विद्यार्थी ईस्टरच्या सुटीत लंडनमधील आपल्या घरच्या प्रयोगशाळेत क्विनीन बनवण्याच्या खटपटीत होता. ते साधले नाही. त्याने ॲनिलीनवर पोटॅशियम डायक्रोमेटची क्रिया करून पाहिली, तेव्हा हाती आला तो एक काळा गाळ, जो दुसऱ्या कोणी धुऊन फेकला असता. पर्किनने तो अल्कोहोलमध्ये ढवळला आणि अल्कोहोल जांभळे झाले. त्याने रेशीम रंगवून पाहिले, तो रंग धुतल्याने जाईना आणि उन्हातही टिकून राहिला. हाच ‘मॉव्ह’, व्यापारी प्रमाणावर यशस्वी झालेला पहिला कृत्रिम रंग. गंमत अशी की पर्किनच्या ॲनिलीनमध्ये टोल्युइडीन या भाऊबंदाची भेसळ होती आणि मॉव्हच्या रेणूला त्या भेसळीची गरज असते; ॲनिलीन अगदी शुद्ध असते तर तो रंग मिळालाच नसता. पुढे या घराण्यातील सगळ्याच रंगांना सरसकट ‘ॲनिलीन रंग’ म्हणण्याचा प्रघात पडला. चामड्याच्या व्यापारातील ‘ॲनिलीन लेदर’ हा शब्द त्याच प्रघाताचा वारसा आहे. चामड्यावर रंगद्रव्याचा जाड थर न देता विरघळणाऱ्या पारदर्शक रंगाने ते रंगवले, म्हणजे मूळ पोत आणि रंध्रे दिसत राहिली, की त्याला हे नाव देतात. त्या सोफ्यात ॲनिलीन ‘भरलेले’ असते असा त्याचा अर्थ नाही.

नावाचा विषय निघालाच आहे तर मराठी वाचकाला आवर्जून सांगावी अशी गोष्ट लेखात राहून गेली. ॲनिलीन हे नाव आपल्या निळीवरून आले आहे. संस्कृतातील ‘नीली’ फारसीत आणि अरबीत ‘नील’ झाली, अरबी उपपदासह ‘अन्-नील’ झाली, पोर्तुगीजांच्या तोंडी ‘अनिल’ झाली. १८२६ मध्ये ओटो उन्व्हरडॉर्बेन याने निळीचे शुष्क ऊर्ध्वपातन करून हा द्रव प्रथम मिळवला. १८३४ मध्ये रुंगे याने तो दगडी कोळशाच्या डांबरातून वेगळा केला. पुढे फ्रिट्शे याने निळीवर दाहक पोटॅशची क्रिया करून तोच पदार्थ मिळवला आणि त्याला ॲनिलीन हे नाव दिले. झिनिन याने १८४२ मध्ये तो नायट्रोबेंझीनपासून बनवला. प्रत्येकाने आपापले बारसे केले होते. हे चारही पदार्थ एकच आहेत हे १८४३ मध्ये हॉफमन याने दाखवून दिले, आणि पर्किन हा त्याचाच विद्यार्थी. ज्या निळीतून ॲनिलीन निघाले ती नीळच पुढे ॲनिलीनपासून कारखान्यात बनू लागली, आणि आज जीन्सच्या कापडाला लागणारी कृत्रिम नीळ त्याच मार्गाने येते.

आता मुख्य मुद्दा. लेखात ॲनिलीनला ‘बांधकामाची वीट’ म्हटले आहे. बिल्डिंग ब्लॉक या शब्दाला मराठीत काय म्हणावे हा प्रश्न आहे खरा, पण विटेच्या उपमेने येथे घोटाळा होतो. भिंतीत गेलेली वीट वीटच राहते. भिंत पाडली की ती जशीच्या तशी निघते. ॲनिलीन विटेपेक्षा मातीसारखे आहे. माती मळून, साच्यात घालून, भाजून जे तयार होते त्याला आपण माती म्हणत नाही, आणि विटेवर पाणी ओतले म्हणून चिखल होत नाही. ॲनिलीनपासून बनलेल्या बहुतेक वस्तूंचेही असेच असते. गादीतील फोममध्ये ‘ॲनिलीन असते’ हे विधान म्हणूनच फसवे आहे.

ही माती इतक्या नाना आकारांत वळते तरी का? ॲनिलीनचा रेणू छोटा आहे: सहा कार्बन अणूंचे बेंझीन वलय आणि त्याला चिकटलेला एक अमिनो गट. नायट्रोजनवर बंधात न गुंतलेली इलेक्ट्रॉनांची एक जोडी असते. साध्या अमोनियात ती मोकळी असते आणि आम्ल दिसताच पुढे होते. ॲनिलीनमध्ये मात्र शेजारचे वलय तिला आपल्याकडे ओढून घेते, त्यामुळे ॲनिलीन हे अमोनियाच्या मानाने सुमारे चाळीस हजारपट दुर्बळ आम्लारी (आम्लाशी संयोग पावून मीठ बनवणारा पदार्थ) ठरते. लिटमसवर त्याचा परिणाम दिसत नाही, तरी हायड्रोक्लोरिक आम्लात मात्र ते मीठ होऊन झटकन विरघळते. नायट्रोजनचे हे नुकसान वलयाचा लाभ होतो. इलेक्ट्रॉनांनी भरलेले वलय इतके तत्पर होते की ॲनिलीनच्या पाण्यातील द्रावणात ब्रोमीनचे पाणी टाकताच, उत्प्रेरक नको आणि उष्णता नको, तीन ब्रोमीन एकदम जाऊन बसतात आणि पांढरा साका खाली येतो. एकच ब्रोमीन बसवायचा असेल तर आधी त्या अमिनो गटाला ॲसिटिल गटाची टोपी घालून त्याचा उत्साह कमी करावा लागतो, काम झाले की टोपी काढायची. नायट्रेशनच्या, म्हणजे वलयावर नायट्रो गट बसवण्याच्या, वेळी तर उलटाच अनुभव येतो. तीव्र आम्लात ती जोडी हायड्रोजन आयनाला दिली जाते, गट आपला स्वभाव बदलतो, आणि जेथे ऑर्थो (अमिनो गटाच्या शेजारची) व पॅरा (समोरची) स्थाने अपेक्षित असतात तेथे ४७ टक्के मेटा, म्हणजे एक सोडून पुढच्या स्थानी गट बसलेले, नायट्रोॲनिलीन हाती येते. विद्यार्थी याला पाठ्यपुस्तकाची चूक समजतात. मी हे सगळे सांगतो आहे ते हौसेने नव्हे, तर याच एका जोडीतून ॲनिलीनचे उपयोग निघतात आणि पुढे पाहू त्याप्रमाणे त्याचे विषही तिथूनच निघते म्हणून.

उपयोगांत आज पहिला मान रंगांचा नाही, हेही लेखातून कळत नाही. जगात बनणाऱ्या ॲनिलीनचा फार मोठा हिस्सा एमडीआय नावाच्या पदार्थाकडे जातो. बेंझीनपासून नायट्रोबेंझीन करायचे, हायड्रोजन व उत्प्रेरक वापरून त्याचे क्षपण करायचे की ॲनिलीन मिळते. त्याचे दोन रेणू फॉर्माल्डिहाइडच्या एका कार्बनने जोडायचे आणि मग फॉस्जीनची क्रिया करायची की एमडीआय तयार होतो. तो पॉलिओलबरोबर (अनेक हायड्रॉक्सिल गट असलेल्या संयुगाबरोबर) मिसळला की पॉलियुरेथेन बनते: शीतकपाटाच्या दोन पत्र्यांमधील कडक फेस, बुटाचा तळ, गाडीचे आसन. या साखळीत खरी जोखीम कोठे आहे हे लिहायला हवे होते. फॉस्जीन हा अतिशय घातक वायू आहे. एमडीआयची वाफ किंवा तुषार श्वासातून गेल्यास दम्याचा विकार जडू शकतो, आणि तो धोका फोम फवारणाऱ्या कामगाराला आहे, गादीवर झोपणाऱ्याला नाही. गादीचा फोम पेटला तर मात्र त्यातून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड निघतात. झोपणाऱ्याला सांगण्यासारखी गोष्ट ही आहे.

रबराच्या धंद्यातही ॲनिलीनची मोठी उलाढाल आहे. १९०६ मध्ये जॉर्ज ओएन्सलेगर याला आढळले की ॲनिलीन घातले की रबर आणि गंधक यांचा संयोग बराच लवकर होतो. पण ॲनिलीनचे विषारीपण कामगारांना नको म्हणून त्याने लगेच त्यापासून बनलेले कमी त्रासदायक संयुग वापरायला घेतले. टायरसाठी लागणारी अनेक प्रवेगके, म्हणजे हा संयोग लवकर घडवणारी द्रव्ये, आणि रबर जुने होऊ न देणारी द्रव्ये आजही या घराण्यातली आहेत. १९४० च्या दशकात अग्निबाणाचे इंधन म्हणूनही ॲनिलीन वापरले गेले, कारण धुमसत्या नायट्रिक आम्लाचा स्पर्श होताच ते आपोआप पेट घेते. हा उपयोग मागे पडला.

रंगांबद्दल मात्र थोडे थांबून लिहितो. ॲनिलीन हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवून, बर्फात ठेवून, ० ते ५ अंशांच्या दरम्यान सोडियम नायट्राइटचे थंड द्रावण थेंब थेंब घातले की डायझोनियम मीठ, म्हणजे वलयाला दोन नायट्रोजन अणूंची जोडी चिकटलेले अस्थिर मीठ, तयार होते. ही क्रिया पीटर ग्रीस याने १८५८ मध्ये शोधली. ते फिकट द्रावण बीटा-नॅफ्थॉलच्या अल्कयुक्त द्रावणात ओतताच क्षणात भगवा-लाल साका उसळतो. कितीही वर्षे शिकवले तरी हा क्षण शिळा होत नाही. नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी बर्फाच्या बाबतीत हयगय केली होती. पात्रातील बर्फ वितळून गेला, पारा १५ अंशांच्या पुढे गेला, द्रावणातून नायट्रोजनचे बुडबुडे फसफसून येऊ लागले, फिनॉलचा ओळखीचा वास सुटला, आणि नॅफ्थॉलमध्ये ओतल्यावर लालभडक रंगाऐवजी मळकट डांबरासारखे काहीतरी तळाशी साचले. वीस विद्यार्थी माझ्याकडे पाहत होते. डायझोनियम मीठ थंडीतच का जगते हे मला त्या दिवशी पुस्तकापेक्षा नीट समजले. त्या चंचल अवस्थेतच त्याचे मोल आहे, कारण जाता जाता ते आपली जागा दुसऱ्याला देऊन जाते. १८८४ मध्ये सँडमायर याने तांब्याच्या क्षारांच्या मदतीने त्या जागी क्लोरीन, ब्रोमीन किंवा सायनाइड गट बसवण्याची रीत काढली, आणि ॲनिलीनपासून जेथे जाता येत नव्हते अशा कितीतरी ठिकाणी वाट झाली.

औषधांत ॲनिलीनचे नाव निघाले की वाचक दचकतो, तरी इतिहास तसाच आहे. १८८६ मध्ये कान आणि हेप या दोन डॉक्टरांनी एका रुग्णाला नॅफ्थलीन द्यायचे ठरवले, औषधालयातून चुकून ॲसिटॅनिलाइड गेले, आणि रुग्णाचा ताप उतरला. ॲसिटॅनिलाइड म्हणजे वर सांगितलेली टोपी घातलेले ॲनिलीन. ते ‘अँटिफेब्रिन’ या नावाने विकले गेले, पण काही रुग्णांचे ओठ निळे पडत. १९४८ मध्ये ब्रोडी आणि ॲक्सेलरॉड यांनी दाखवले की ॲसिटॅनिलाइड शरीरात गेल्यावर त्याचे मुख्यतः पॅरासिटामॉल होते आणि वेदना शमवण्याचे काम तेच करते. ओठ निळे पडत ते त्यातून सुटणाऱ्या ॲनिलीनच्या वाटेने. म्हणजे गुण टोपीसकट बदललेल्या रेणूचा, आणि दोष मोकळ्या ॲनिलीनचा. जंतुसंसर्गावरची सल्फा औषधेही याच घराण्यातली. डोमाक यांच्या प्राँटोसिल या लाल रंगद्रव्यातून शरीरात सुटणारे सल्फॅनिलॅमाइड हे ॲनिलीनचेच अपत्य आहे.

येथे विषाचा मुद्दा येतो, आणि लेखात तो एका ओळीत उरकला आहे. ॲनिलीन श्वासावाटे जाते तसे ते धडधाकट त्वचेतूनही शोषले जाते, आणि हेच लोकांना ठाऊक नसते. हातमोजा न घालता सांडलेला द्रव पुसणारा माणूस तो नाकातोंडात गेला नाही म्हणून निर्धास्त राहतो. शरीरात यकृतात नायट्रोजनवर, म्हणजे पुन्हा त्याच ठिकाणी, ऑक्सिजन चढतो आणि फिनिलहायड्रॉक्सिलअमाइन बनते. ते रक्तातील हिमोग्लोबिनच्या लोहाला फेरसचे फेरिक करते. असे हिमोग्लोबिन, ज्याला मेथहिमोग्लोबिन म्हणतात, ऑक्सिजन वाहू शकत नाही. रक्त चॉकलेटी दिसू लागते, ओठ आणि नखे निळसर होतात, डोके दुखते, धाप लागते, आणि हे सर्व कधी काही तासांनी सुरू होते, तोपर्यंत माणूस घरी पोचलेला असतो. बोटाला लावायचे ऑक्सिजन मोजण्याचे साधन अशा वेळी ८५ टक्क्यांच्या आसपास अडकून बसते आणि खरी अवस्था सांगत नाही. एकोणिसाव्या शतकात इस्पितळाच्या दुपट्यांवर ॲनिलीनच्या शाईने खुणा केल्यामुळे नवजात बाळे निळी पडल्याची नोंद आहे. कपडे ताबडतोब उतरवून अंग साबणपाण्याने धुणे आणि रुग्णालयात जाणे हा त्यावरचा पहिला उपाय. तेथे डॉक्टर जे औषध देतात ते मिथिलीन ब्लू हे निळे रंगद्रव्य, आणि ते बनते डायमिथिल ॲनिलीनपासून. जी-सिक्स-पी-डी या तांबड्या रक्तपेशींना जपणाऱ्या विकराची (एन्झाइमची) उणीव असलेल्या रुग्णाला ते चालत नाही, म्हणून ते डॉक्टरांच्याच हाती असावे.

कर्करोगाबद्दल लेखकाने जुनी समजूत उचलली आहे. १८९५ मध्ये रेन या जर्मन शल्यविशारदाने रंगाच्या कारखान्यातील कामगारांमध्ये मूत्राशयाचे अर्बुद आढळल्याचे सांगितले आणि त्याला ‘ॲनिलीन कर्करोग’ हे नाव चिकटले. पुढील संशोधनात मुख्य गुन्हेगार बीटा-नॅफ्थिलअमाइन आणि बेंझिडीन हे त्याच कारखान्यांतील दुसरे अमाइन निघाले. तरी ॲनिलीन निर्दोष सुटलेले नाही: कर्करोगावरील आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने त्याला अलीकडे ‘मानवात बहुधा कर्करोगकारक’ अशा २-अ गटात टाकले आहे. लेखाला भीतीच घालायची होती तर हे लिहायचे होते. निदान ते खरे तरी होते. १९८१ च्या स्पेनमधील तेलकांडाचा लेखातील उल्लेखही असाच अर्धवट आहे. औद्योगिक वापरासाठी ॲनिलीन मिसळून अखाद्य केलेले मोहरीवर्गीय तेल पुन्हा शुद्ध करून लोकांना विकले गेले, वीस हजारांहून अधिक माणसे आजारी पडली आणि शेकडो दगावली. परंतु तो आजार ॲनिलीनच्या विषबाधेसारखा नव्हता. संशय गेला तो तेलातील स्निग्धाम्लांशी ॲनिलीनचा संयोग होऊन बनलेल्या संयुगांवर, आणि नेमके कोणते संयुग कारणीभूत होते हे आजतागायत निर्विवाद सिद्ध झालेले नाही.

वापरणाऱ्यापर्यंत मोकळे ॲनिलीन पोचतच नाही असेही नाही. कृत्रिम निळीत निर्मितीच्या वेळी उरलेला त्याचा थोडा अंश राहतो, कापडाबरोबर तो पुढे येतो आणि रंगाईच्या सांडपाण्यातही उतरतो. असा अंश न ठेवणाऱ्या पद्धती अलीकडे निघाल्या आहेत. पुरवणीला या विषयावर पुन्हा लिहायचे असेल तर सोफा आणि गादी सोडून या निळीकडे वळावे, आणि कोणत्याही वस्तूबद्दल लिहिताना ती ॲनिलीनपासून बनली आहे की तिच्यात मोकळे ॲनिलीन उरले आहे, हे दोन वेगळ्या वाक्यांत लिहावे. तूर्त ‘जांभळा विषारी रंग’, ‘ॲनिलीन लेदर’ आणि रंगकामगारांचा कर्करोग या तीन ठिकाणची दुरुस्ती पुढील अंकात छापावी, ही विनंती.

कळावे,

आपला नम्र,

रसायनशास्त्राचा एक निवृत्त अध्यापक